मुलांना खेळ शिकवताना: वर्तनशास्त्र मैदानावर कसं उतरतं

मुलांचा सराव चालू असलेल्या कुठल्याही मैदानाच्या कडेला थोडा वेळ उभं राहिलं की ठरावीक वाक्यं कानावर पडतात. "लक्ष दे!" "नीट मार!" "अरे, किती वेळा सांगायचं?" ओरडणाऱ्याच्या मनात मुलाचं भलंच असतं, यात शंका नाही. पण या वाक्यांतून मुलाच्या हाती काय लागतं? 'नीट' म्हणजे कोपर वर की खाली? पाय आधी वळवायचा की खांदा? आपलं काहीतरी चुकलं एवढं आठ-नऊ वर्षांच्या मुलाला कळतं. पुढच्या वेळी अंगाने नेमकं काय वेगळं करायचं, ते मात्र कळत नाही. मग ते पुन्हा तसंच खेळतं आणि पुन्हा बोलणी खातं.

वर्तनशास्त्र या प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घालतं. मुलात जिद्द कमी आहे की एकाग्रता, यात ते शिरत नाही. ते तीन गोष्टी विचारतं. मुलाने नेमकी कोणती हालचाल करायला हवी? त्या हालचालीच्या आधी त्याला काय दिसतं आणि काय ऐकू येतं? आणि ती केल्याबरोबर काय घडतं? पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर बहुतेक प्रशिक्षक देऊ शकतात. तिसऱ्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

केल्याबरोबर काय घडतं

१८९८ मध्ये एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने भुकेल्या मांजरांना खिटी लावलेल्या पेट्यांत ठेवून पाहिलं. मांजर आधी नुसती धडपड करायचं, ओरबाडायचं. त्या धडपडीत कधीतरी खिटी सरकायची, दार उघडायचं आणि बाहेर ठेवलेलं खाणं मिळायचं. पुन्हा पुन्हा पेटीत ठेवल्यावर निरुपयोगी धडपड कमी होत गेली आणि खिटीकडे जायला लागणारा वेळ घटत गेला. ज्या कृतीनंतर काहीतरी हवंसं घडतं ती कृती टिकते, हा त्यातून निघालेला नियम. पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९३० च्या दशकापासून यावर बारकाईने काम केलं. मानसशास्त्राच्या पुस्तकांत त्याला साधक अभिसंधान म्हणतात, आणि कृती वाढवणाऱ्या परिणामाला प्रबलन.

प्रबलन म्हणजे बक्षीस नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. एखादी गोष्ट प्रबलन आहे की नाही हे ती देणाऱ्याच्या हेतूवरून ठरत नाही, पुढे काय झालं यावरून ठरतं. लाजऱ्या मुलीला सगळ्या संघासमोर उभं करून टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवसापासून ती मागे मागे राहू लागली, तर त्या टाळ्या तिच्यासाठी प्रबलन नव्हत्या. उलट, रांगेत माकडचाळे करणाऱ्या मुलावर प्रशिक्षक रोज ओरडतात आणि चाळे वाढतच जातात, तर ते ओरडणं हेच त्याचं प्रबलन आहे. बारा मुलांची रांग, एकच चेंडू आणि आपली पाळी यायला पाच मिनिटं, अशा वेळी सगळ्यांना हसवणं हा त्या मुलाला उपलब्ध असलेला सगळ्यात खात्रीचा खेळ असतो. तिथे शिस्तीचं व्याख्यान देण्यापेक्षा रांग तीन जणांची केली तर जास्त फरक पडतो.

एक श्वास, जवळून पाहू

फ्रीस्टाइल पोहायला शिकणाऱ्या मुलाला सगळ्यात जड जातो तो श्वास. हात-पाय मारणं जमलेलं असतं, पण श्वास घ्यायची वेळ आली की मूल डोकं समोर वर उचलतं. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात, वेग संपतो, तोंडात पाणी जातं. घाबरून पुढच्या वेळी ते डोकं आणखी वर काढतं. काठावरून प्रशिक्षक ओरडत असतात, "मान वर नको! बाजूला वळव!" दोन दोन आठवडे हे चालतं आणि शेवटी "हा ऐकतच नाही" असा शिक्का बसतो.

आता तिसरा प्रश्न इथे लावून बघा. डोकं वर उचलल्याबरोबर मुलाला काय मिळतं? हवा. बुडण्याच्या भीतीत असलेल्या जिवाला हवेहून मोठं प्रबलन कुठलं असणार? म्हणजे चुकीची हालचाल दर खेपेला, तत्काळ, भरघोस कमाई करते आहे. काठावरचा आवाज कितीही मोठा असला तरी तो हवेशी स्पर्धा करू शकत नाही. मूल ऐकत नाही असं नाही, ते अगदी नियमाप्रमाणे शिकतं आहे. त्याला बरोबर हालचालीतून हवा मिळेल अशी व्यवस्था कुणी केलेली नाही, एवढंच.

ती व्यवस्था अशी करता येते. मूल उथळ पाण्यात पाय टेकवून उभं, हात कठड्यावर. तोंड पाण्यात घालून नाका-तोंडाने बुडबुडे सोडायचे, एवढंच पहिलं काम. हा टप्पा गाळला तर मूल पाण्याखाली श्वास रोखून धरतं आणि तोंड बाहेर आल्यावर त्या क्षणभरात उच्छ्वास आणि श्वास दोन्ही उरकायची कसरत करतं. बुडबुडे सहज जमले की तिथेच उभं राहून मान बाजूला वळवायची, ती कितपत, तर पोहण्याच्या चष्म्याची एक काच पाण्यात राहील इतपतच. सांगायचे शब्द तीन: "एक काच पाण्यात." काच पाण्यात आहे की बाहेर, हे काठावरून स्पष्ट दिसतं आणि मुलाला स्वतःलाही कळतं. तिथे हवा मिळते हे अंगाला पटलं की मग कठडा धरून पाय मारत तेच, मग एका हातात तरंगणारी फळी धरून, मग एका हाताचे फटके, मग दोन्ही हातांचे. प्रत्येक टप्प्यावर नवीन गोष्ट एकच असते, बाकी सगळं आधीच जमलेलं.

पुढच्या टप्प्यावर कधी जायचं? दहापैकी साधारण आठ वेळा जमत असेल तर पुढे, लागोपाठ दोन-तीनदा फसलं तर एक पायरी मागे. मागे जाणं ही शिक्षा वाटू नये म्हणून ते अगदी सहज करावं. "चल, फळी घेऊन दोनदा करू आणि परत येऊ." टप्प्याटप्प्याने अपेक्षा वाढवत नेण्याच्या या पद्धतीला शेपिंग म्हणतात. तिची खरी परीक्षा प्रशिक्षकाच्या संयमाची असते, कारण त्याला मनातून पूर्ण फ्रीस्टाइल दिसत असतं आणि समोर मूल फक्त बुडबुडे सोडत असतं.

'हेच!' असं त्या क्षणी सांगणं

परिणाम जितका लगेच, तितका तो कृतीशी घट्ट जोडला जातो. खेळात अडचण अशी की हालचाल क्षणात होऊन जाते. कोलांटी मारताना हनुवटी छातीला टेकली होती हे प्रशिक्षकाला दिसतं, पण ते बोलून दाखवेपर्यंत मूल उठून उभं राहिलेलं असतं, मॅटवरून घसरलेलं असतं, मित्राकडे बघत असतं. "छान!" हा शब्द यातल्या कशाला लागू झाला?

हीच अडचण प्राण्यांना शिकवणाऱ्यांना आधी आली होती. स्किनर यांच्यासोबत काम केलेलं केलर आणि मॅरियन ब्रीलँड हे दांपत्य १९४७ पासून व्यावसायिक पातळीवर प्राण्यांना शिकवू लागलं. उंच उडी मारलेल्या डॉल्फिनला हवेत मासा देता येत नाही, पण उडी नेमकी असतानाच शिट्टी वाजवता येते. शिट्टीचा अर्थ ठरलेला: आत्ता केलंस ते बरोबर, मासा येतोच आहे. हीच कल्पना अमेरिकेतल्या थेरेसा मॅकिऑन या जिम्नॅस्टिक्स प्रशिक्षिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी माणसांसाठी वापरली आणि तिला टॅगटीच असं नाव मिळालं. हातात एक छोटा क्लिकर असतो. ठरलेली गोष्ट घडली की त्याच क्षणी 'टक्' असा आवाज करायचा. नाही घडली तर काहीच नाही. ओरडणं नाही, सुस्कारा नाही, चेहरा पाडणं नाही. मूल पुन्हा करून बघतं.

या पद्धतीची खरी करामत क्लिकरमध्ये नाही, तो वाजवण्याआधी जे ठरवावं लागतं त्यात आहे. काय नको ते न सांगता काय हवं ते सांगायचं. एका वेळी एकच गोष्ट. ती डोळ्यांनी दिसणारी असायला हवी. आणि ती पाच शब्दांच्या आत बसायला हवी. "पाय वाकवू नकोस" हे यात बसत नाही, "गुडघे चिकटलेले" बसतं. "आत्मविश्वासाने सर्व्ह कर" बसत नाही, "शटल कंबरेसमोर" बसतं. कुणीही प्रशिक्षकाने आपल्या नेहमीच्या दहा सूचना लिहून काढाव्यात आणि या चाळणीतून घालाव्यात. बऱ्याच गळून पडतात, कारण मुलाने काय करायचं हे त्यांच्यात कधी नव्हतंच.

यावर पालकांचा आक्षेप ठरलेला असतो: "आमची मुलं म्हणजे काय सर्कशीतले प्राणी आहेत का?" आक्षेप गंभीर आहे, त्याला टाळून पुढे जाऊ नये. मुलात आणि प्राण्यात एक मोठा फरक आहे. मुलाला आधी विचारता येतं. आवाज कशासाठी आहे हे त्याला समजावून सांगता येतं, ते "मला नको" म्हणू शकतं, "आज मला पायावर काम करायचं आहे" असं ठरवू शकतं. क्लिकर मुलांच्याच हाती दिला आणि जोडीने एकमेकांना खुणावायला लावलं तर बघणाऱ्या मुलाची नजरही तयार होते. ज्या मुलाला आवाज नकोसा वाटतो त्याच्यासाठी हाताची खूण चालते. पोहताना कान पाण्यात असतो, तिथे फळीवर हलकी थाप जास्त कामाची. मला स्वतःला या पद्धतीत सगळ्यात माणुसकीची वाटते ती शांतता. चुकल्यावर मोठ्या माणसाच्या तोंडून काहीच आलं नाही, ही अनेक मुलांच्या वाट्याला फार क्वचित येणारी गोष्ट आहे.

हे फक्त मुलांसाठी नाही. नृत्याच्या हालचाली, गोल्फचा स्विंग आणि शस्त्रक्रियेची गाठ मारण्यासारखी कौशल्यंही या मार्गाने शिकवून पाहिली गेली आहेत. गाठीच्या बाबतीत, नुसतं प्रात्यक्षिक बघून शिकलेल्यांपेक्षा अशा रीतीने शिकलेल्यांच्या हालचाली जास्त नेमक्या निघाल्या.

शेवटचा तुकडा आधी

कौशल्याचे तुकडे पाडल्यावर पहिल्यापासून शेवटाकडे जायचं, हे आपण गृहीत धरतो. कित्येकदा उलट जाणं सोपं पडतं. बास्केटबॉलचा ले-अप घ्या, म्हणजे धावत येऊन बास्केटजवळून चेंडू टाकणं. ड्रिबल (चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणं), दोन पावलं, उडी, बोर्डवर चेंडू, बास्केट. सुरुवातीपासून शिकवलं तर मूल ड्रिबलमध्येच अडकतं आणि चेंडू जाळीतून जाताना बघायचा आनंद त्याला मिळतच नाही. त्याऐवजी आधी बोर्डाजवळ उभं राहून फक्त चेंडू लावायचा. मग एक पाऊल आणि चेंडू. मग दोन पावलं. ड्रिबल सगळ्यात शेवटी. अशाने प्रत्येक प्रयत्न बास्केटपाशी संपतो आणि नवीन, अवघड तुकडा नेहमी ओळखीच्या तुकड्याला जाऊन मिळतो. गोल्फमध्येही लांबच्या फटक्याऐवजी भोकाजवळच्या छोट्या, हलक्या फटक्यापासून सुरुवात करून मागे मागे सरकण्याची पद्धत वापरली गेली आहे.

हे खरंच चालतं का?

१९७७ मध्ये ज्युडी कोमाकी आणि फ्रेड बार्नेट यांनी नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या अमेरिकन फुटबॉल संघावर एक अभ्यास केला. संघाच्या तीन चाली निवडल्या आणि प्रत्येकीचे पाच टप्पे पाडले. दर चालीनंतर प्रशिक्षक यादी घेऊन कोणते टप्पे बरोबर झाले ते मुलांना सांगायचे आणि त्यांचं कौतुक करायचे. आधी चालींतले साधारण ५५ ते ६५ टक्के टप्पे बरोबर येत होते, नंतर तिन्ही चालींत हे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास गेलं.

यातली रचना समजून घेण्यासारखी आहे. मुलं सरावाने आपोआपच सुधारली नसतील कशावरून? म्हणून संशोधकांनी तिन्ही चालींवर एकदम काम सुरू केलं नाही. आधी पहिल्या चालीसाठी यादी आणली आणि दुसऱ्या-तिसऱ्या चालीची फक्त नोंद ठेवली. मग काही दिवसांनी दुसरी, मग तिसरी. प्रत्येक चाल तिची पाळी आल्यावरच सुधारली. वाढलेलं वय, वाढलेला सराव किंवा चांगलं हवामान ही कारणं असती तर तिन्ही चाली एकदम वर गेल्या असत्या. कमी खेळाडूंवरही खात्रीलायक काही सांगता येतं ते या युक्तीमुळे. असं असलं तरी हे अभ्यास लहान आहेत आणि त्यांतले आकडे जसेच्या तसे प्रत्येक मैदानाला लावू नयेत, हेही तितकंच खरं.

१९८० मध्ये ॲलिसन आणि आयलॉन यांनी अमेरिकन फुटबॉल, जिम्नॅस्टिक्स आणि टेनिस या तीन खेळांत आणखी एक गोष्ट आजमावली. खेळाडू चुकला की प्रशिक्षक "थांब!" म्हणायचे आणि खेळाडू आहे त्या स्थितीत गोठायचा. मग शरीराची कोणती जागा चुकली ते शांतपणे सांगायचं, बरोबर स्थिती करून दाखवायची आणि खेळाडूने ती स्वतः घ्यायची. चूक हवेत विरून जायच्या आत अंगाला तिची जागा कळते. नेहमीच्या शिकवणीच्या तुलनेत सुधारणा झपाट्याने झाली, काहींची कामगिरी आधीच्या सरासरीच्या कित्येक पट झाली.

आणि एक अगदी बिनखर्चाचा प्रयोग. १९७४ मध्ये मॅकेन्झी आणि रशॉल यांनी पोहण्याच्या संघासाठी तलावाच्या काठावर नोंदींचे फळे (बोर्ड) लावले. मुलांनी आपली हजेरी स्वतः नोंदवायची, आणि सरावातला प्रत्येक भाग पूर्ण झाला की स्वतःच खूण करायची. गैरहजेरी आणि उशिरा येणं कमी झालं, सरावात होणारं काम वाढलं. प्रशिक्षकांचा ओरडण्यात जाणारा वेळ शिकवायला मोकळा झाला.

शाबासकी, शिक्षा आणि मैदानाला फेऱ्या

चुकलं की मैदानाला पाच फेऱ्या, ही पद्धत जगभर दिसते. ती तत्काळ परिणाम करते, म्हणून टिकून आहे. फेऱ्यांच्या भीतीने गडबड थांबते, आणि ते थांबणं प्रशिक्षकाला मिळणारं प्रबलन ठरतं. शिक्षा करणाराही त्याच नियमाने शिकत असतो. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर दोन गोष्टी घडतात. काय करायचं नाही ते कळतं, काय करायचं ते कळत नाही. आणि पळणं, जे जवळजवळ प्रत्येक खेळाचा पाया आहे, ते शिक्षेशी जोडलं जातं. ज्या मुलाने धावायला आवडीने यावं असं आपल्याला वाटतं, त्याच्यासाठी धावण्याचीच सजा करणं मला तरी अनाकलनीय वाटतं. अशा मुलाच्या हाती आणखी एक पर्याय असतो, तो म्हणजे अवघड काही करूनच न बघणं. चेंडू मागायचाच नाही, म्हणजे चुकायचा प्रश्नच नाही.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल यांनी १९७० च्या दशकात मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांचं वागणं मैदानावर बसून नोंदवलं. किती वेळा कौतुक, चुकीनंतर किती वेळा धीर, किती वेळा सूचना, किती वेळा बोलणी. मग प्रशिक्षकांना विचारलं, तुम्ही कसे वागता? त्यांचा अंदाज नोंदींशी फारसा जुळला नाही. मुलांनी केलेलं वर्णन जास्त अचूक होतं.

यावरून त्यांनी प्रशिक्षकांसाठी साधारण दोन तासांचं प्रशिक्षण तयार केलं. चांगल्या खेळाइतकंच प्रयत्नाचंही कौतुक करा. चूक झाली की आधी धीर द्या, मग काय करायचं ते सांगा. टोचून बोलू नका. आणि स्वतःच्या वागण्याची नोंद ठेवा. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा प्रशिक्षकांचे संघ जास्त जिंकले नाहीत, पण मुलांना ते प्रशिक्षक आणि आपला संघ जास्त आवडला. स्वतःबद्दल कमी विश्वास असलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. पुढे १९९२ च्या एका अभ्यासात दिसलं की नेहमीच्या प्रशिक्षकांकडची २६ टक्के मुलं पुढच्या हंगामात परत आली नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडे हे प्रमाण ५ टक्के होतं. ज्या वयात मूल खेळात टिकतं की नाही हाच मुख्य प्रश्न असतो, त्या वयासाठी हा फरक मला कुठल्याही चषकापेक्षा मोठा वाटतो.

याचा अर्थ दिवसभर "वा, वा" करत राहावं असा मुळीच नाही. बास्केटबॉलचे ख्यातनाम प्रशिक्षक जॉन वूडन यांच्या १९७४-७५ च्या हंगामातल्या सरावांचं गॅलिमोर आणि थार्प या दोघांनी निरीक्षण केलं. २,३२६ नोंदींपैकी निम्म्या निव्वळ सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं. नुसती शाबासकी आणि नुसती नापसंती, दोन्ही प्रत्येकी सात टक्क्यांच्या आत. करून दाखवायचं झालं तर क्षणभर बरोबर, मग खेळाडूने केलं तसं, मग पुन्हा बरोबर, आणि हे सगळं तीन ते पाच सेकंदांत. लांबलचक भाषण नाहीच. त्यांचे खेळाडू कॉलेजचे, आधीच निष्णात होते, त्यामुळे लहान मुलांना उत्तेजनाचा वाटा जास्त हवा. पण माहितीने भरलेलं छोटं वाक्य पोकळ कौतुकापेक्षा जास्त पोषक असतं, हे दोन्हीकडे लागू पडतं. "छान!" पेक्षा "कोपर वर ठेवलास!" हे केव्हाही सरस.

स्वतःचं वागणं मोजायचा एक साधा उपाय आहे. सरावाला येताना डाव्या खिशात दहा खडे ठेवायचे. एखाद्या मुलाला नेमकं काय बरोबर केलं ते सांगितलं की एक खडा उजव्या खिशात. तासाच्या शेवटी डाव्या खिशात किती उरले ते बघायचं. कुणाच्या वाट्याला एकही आला नाही, हेही त्याच वेळी आठवून बघावं. बहुधा तीच ती मधल्या रांगेतली शांत मुलं असतात.

भीती

चेंडू अंगावर आला की डोळे मिटणारं मूल, पाण्याच्या कडेला रडणारं मूल. यांना "घाबरायचं काय त्यात?" असं विचारून काही उपयोग नसतो. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या एका छोट्या मुलाची हकीकत नोंदवली. मूल खाण्यात रमलेलं असताना ससा खोलीत लांब ठेवायचा, त्याच्या कलाने रोज थोडा जवळ आणायचा. शेवटी मूल सशाला हाताळू लागलं. मैदानावर हेच करता येतं: आधी स्पंजचा चेंडू, तोही जवळून, खालून टाकलेला; मग थोडा जड, मग थोडा लांबून. वेग ठरवायचा मुलाने. पाण्यात ढकलून भीती घालवण्याचा प्रकार मात्र धोकादायक आहे, आणि त्याने भीती बहुतेक वेळा दुप्पट होते.

खेळाचं सामानही याच तत्त्वावर बदलता येतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने लहान मुलांसाठी हळू उसळणारे चेंडू आणि छोटी कोर्टं पुढे आणली. लाल चेंडू नेहमीच्या पिवळ्या चेंडूपेक्षा ७५ टक्के हळू, नारिंगी ५० टक्के, हिरवा २५ टक्के. २०१२ पासून दहा वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांत पूर्ण कोर्टावर नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही. डोक्यावरून उसळणाऱ्या चेंडूला कसंबसं परतवताना मूल वेडेवाकडे फटके शिकतं. छातीच्या खाली येणाऱ्या चेंडूवर तेच मूल एक शब्दही न सांगता बरंच बरोबर खेळतं. सूचनेच्या जागी चेंडू बदलणं, हे शेपिंगच आहे.

कुठे जपून राहायचं

बक्षिसांच्या बाबतीत एक इशारा महत्त्वाचा. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी रंगीत पेनांनी चित्रं काढायची आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना "चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल" असं आधीच सांगितलं. काही दिवसांनी मोकळ्या वेळेत याच मुलांनी पेनांकडे बाकीच्यांपेक्षा कमी ओढीने पाहिलं. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं होतं त्यांची आवड घटली नाही. म्हणून मूल जे आपणहून आनंदाने करतं त्यावर आमिष लावू नये. गोल केला की पैसे, हा घरोघरी होणारा करार याच खड्ड्यात जातो. सुरुवातीच्या कंटाळवाण्या किंवा भीतीदायक टप्प्यासाठी खुणांची वही, स्टिकर चालतात. खेळातून मिळणारा आनंद सुरू झाला की ते हळूहळू काढून घ्यायचे.

प्रतिसाद किती द्यायचा, इथेही वय पाहावं लागतं. मोठ्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं की दर प्रयत्नानंतर सांगण्यापेक्षा निम्म्याच वेळा सांगितलं तर कौशल्य जास्त टिकतं, कारण माणूस स्वतःची चूक स्वतः ओळखायला शिकतो. मुलांवर तोच प्रयोग केला तेव्हा चित्र वेगळं होतं. दर वेळी प्रतिसाद मिळालेल्या मुलांना ते जास्त चांगलं आठवलं. मुलांना आधी भरपूर सांगावं आणि मग सावकाश कमी करत जावं, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. कमी करण्याची सोपी पायरी म्हणजे आपण बोलायच्या आधी मुलालाच विचारायचं: "आत्ताचं जमलं का? कशावरून?"

तुकडे पाडण्यालाही मर्यादा आहे. एकच सर्व्ह सलग पन्नास वेळा मारली की त्या तासात ती सुबक दिसते, पण ते सुबकपण टिकत नाही. १९८६ मध्ये गूड आणि मॅगिल यांनी बॅडमिंटनच्या तीन प्रकारच्या सर्व्हवर हे तपासलं. ज्यांनी एक प्रकार संपवून दुसरा घेतला त्यांच्यापेक्षा ज्यांनी तिन्ही मिसळून सराव केला, ते नंतरच्या चाचणीत सरस ठरले. सरावात मात्र मिसळणारा गट जास्त अडखळताना दिसू शकतो, आणि पालक कडेला उभे असले की प्रशिक्षकाला अडखळणं लपवावंसं वाटतं. एखादी हालचाल एकदा अंगात बसली की तिला इतर हालचालींत मिसळायलाच हवं.

आणि खेळ म्हणजे नुसती हालचाल नव्हे. पास कधी द्यायचा, कुठल्या मोकळ्या जागेत धावायचं, समोरचा कुठे झुकला आहे, हे निर्णय 'टक्' आवाजात बसत नाहीत. ते छोट्या संघांच्या, छोट्या मैदानावरच्या खऱ्या खेळातूनच येतात, जिथे प्रत्येक मुलाला चेंडू सतत मिळतो आणि निर्णयाचा परिणाम खेळच लगेच दाखवतो. तीनास तीन खेळवताना मैदान रुंद केलं की पास वाढतात, दोन्ही टोकांना दोन दोन गोल ठेवले की मुलं मान वर करून बघू लागतात. तिथे प्रशिक्षकाचं काम मैदानाची मापं आणि नियम बदलण्याचं. बोलायचं ते खेळ थांबल्यावर, आणि तेही एकाच गोष्टीबद्दल.